सात आखूड

चावी फिरवली की पिवळा दिवा पेटतो आणि विझतो,
ते काही खरं नव्हे, ती नुसती हजेरी.
खरं ते कॅर्दला ओलांडल्यावर,
जुनिपरची झुडपं लागतात तिथे,
अकराव्या-बाराव्या किलोमीटरवर, इंजिन तापलं की.
इंजिनाचं इवलंसं चित्र.
ताआवीला ते हेलिकॉप्टर वाटतं, मला पाणबुडी.

बेटावर मोटारसायकलचा मेकॅनिक नाही.
होता एक, तो फिनलंडला गेला.
म्हणजे हेल्टरमाची फेरीबोट, पुढे हाप्सालू,
आणि काउंटरवरचा तो पोरगा, जो माझ्याशी बोलताना
माझ्या खांद्यावरून मागे बघतो:
गाडीचा मालक कधी येतोय?

त्याच्याच सांगण्यावरून मे महिन्यात नवा सेन्सर घातला.
जुलैत आणखी एक.
ऑगस्टमध्ये पुन्हा पाणबुडी.

शेवटी शेडमध्ये सीट उतरवली,
पेपरक्लिप सरळ करून कनेक्टरच्या दोन पिना जोडल्या
आणि कुंपणापलीकडे हाक मारली.
एल्मार एक्याऐंशीचा. तीस वर्षं दीपगृहात.
उघडझाप मोजायला दुसरं कोण बोलवायचं?
तो उलट्या बादलीवर बसला, टोपी काढली,
ओठही न हलवता मोजत राहिला.
"सात. सगळे आखूड. मग काळोख. मग परत सात."
"नक्की?"
त्यानं माझ्याकडे असं पाहिलं
की मी गुपचूप पुस्तिका उघडली.

सात म्हणजे तापमान.
म्हणजे तेच, जे दोनदा बदललंय.

स्वयंपाकघरात पातेलं चढवलं,
सेन्सर दोऱ्यानं पाण्यात सोडला, बुडाला टेकू न देता,
शेजारी जॅमचा थर्मामीटर,
मल्टिमीटरची एक सुई लाल, एक काळी.
पाणी चढत गेलं तसा आकडा उतरत गेला,
दोन हजार चारशे, सहाशे,
ऐंशी अंशांवर तीनशे वीस,
एकही पायरी न चुकवता.
ताआवी शाळेतून आला. "सूप कसलं?"
"साक्षीदाराचं."
त्यानं पाव उचलला आणि वर गेला.

मग ड्रॉवरमधले काढून टाकलेले दोघेही उकळले.
निर्दोष. तिघेही निर्दोष.
चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि तीही दोनदा.
पुसून टेबलावर ओळीनं ठेवले.
त्यांच्यासमोर जेवताना जरा लाजच वाटली.

रात्री वायरीच्या मागे लागले.
जोडणी शाबूत असली की मल्टिमीटर किणकिणतो.
किणकिण, किणकिण, मी बोटांनी पुढे सरकते,
टाकीखाली, चौकटीच्या वळणाला,
आणि तिथे बोटाला लागली कणा नसलेली जागा.
वरून धड, हिरवी, चकचकीत.
आत तांब्याचं काहीच नाही.
वाकवली की मीटर गप्प.

तिथेच काळी प्लॅस्टिकची पट्टी, करकचून आवळलेली,
शेपूट तिरकं छाटलेलं,
कापावर माझ्याच पक्कडीच्या खांडाची खूण.

तीन वर्षांपूर्वीचा एप्रिल.
रेइन सामान घेऊन पलीकडे गेला त्या आठवड्यात
मी घरातलं सगळं बांधून काढलं होतं.
बरण्यांना चिठ्ठ्या, चपलांना फळी,
आणि गाडीच्या वायरी, एक न एक.
काही लोंबकळता कामा नये, एवढंच डोक्यात.

पट्टी कापली. तेवढा तुकडा काढून नवा डाग दिला,
वर नळी चढवून लायटरनं आवळली,
आणि परत बांधताना
करंगळी जाईल इतकी ढील ठेवली.
जुनी नोंद पुसली.

दुसऱ्या दिवशी क्यॉपूच्या दीपगृहापर्यंत जाऊन आले.
बारा, वीस, पस्तीस किलोमीटर. दिवा नाही.
परतताना दोनदा उगाचच खाली पाहिलं.

एल्मार कुंपणाशी उभा. "किती?"
"शून्य."
त्याचा चेहरा किंचित उतरला.
"एकदा क्लिप लावून बघू या," म्हणाला, "खात्री म्हणून."
बादलीवर बसला, टोपी काढली.
दिवा न लुकलुकता तेवत राहिला, एकसंध, पिवळा.
तरी तो बराच वेळ मोजत होता.