कानाडोळा

स्वॉन्सीच्या बंदराजवळचं हॉटेल. तळमजल्यावरची खोली.
काल इथे कुणाचं तरी लग्न झालं असावं,
गालिच्यात अजून चंदेरी टिकल्या अडकल्यात.
लांब टेबल. पाण्याचे जग. मंगळवार.
मध्ये निवृत्त न्यायाधीश बाई, डावीकडे एक जुना पंच,
उजवीकडे मी, ओग्विन प्रॉसर, हुकर, दोनशे अकरा सामने,
मोडकं नाक आणि नियमांची चोपडी.

समोर सियाओसी मातांगी.
साडेसहा फुटी माणूस लग्नाच्या खुर्चीत मावत नाही,
म्हणून काठावर बसलाय.
टाय बहुतेक मॅनेजरचा.

पडद्यावर चौसष्टावं मिनिट.
आधी पूर्ण वेगात: काहीच दिसत नाही,
दोन माणसं उभी होती, मग एक.
मग सावकाश. मग त्याहून सावकाश,
इतकं की खांद्याला हनुवटीपर्यंत पोचायला
अख्खी दुपार लागते,
आणि वाटतं, अजून वेळ आहे.
वाक रे खाली, मी मनात म्हणतो.
सतराव्यांदा म्हणतो.
सतराव्यांदाही तो उभाच.

वकील म्हणतो, गवत ओलं होतं, समोरचा घसरला,
उंची ऐन वेळी बदलली.
किती बदलली?
वीतभर.
वीतभर लिहून घेतलं जातं.

माक्सेन बेनन आलेला नाही, त्याचा कागद आलाय.
वय बावीस.
सामना आठवत नाही, लिहितो, आदला शुक्रवारही नाही.
गवताचा वास आठवतो. उजेड सोसत नाही.
माझा कुणावर राग नाही,
राग धरायला काहीतरी आठवावं लागतं.
खाली सही. शेवटचं अक्षर ओळीवरून घरंगळलेलं.

काही सांगायचंय? मातांगीला विचारलं.
तो उठला, खुर्चीही त्याच्याबरोबर उठली.
म्हणाला, मी त्याच्या आईला फोन केला.
तिने उचलला.
बराच वेळ आम्ही दोघंही बोललो नाही.
एवढंच.
हे कुठल्या रकान्यात घालावं, कारकुनाला कळेना.

मग आम्ही तिघं आतल्या खोलीत.
डोक्याला मार, म्हणजे सुरुवातच सहा आठवड्यांपासून.
कबुली दिली, वजा. पाटी कोरी, वजा.
पश्चात्ताप दिसतो, वजा.
निम्म्याखाली उतरता येत नाही. राहिले तीन.
टॅकलचा वर्ग केला तर त्यातलाही एक माफ.
हातचा काही नाही.

जुना पंच चहात बिस्किट बुडवत म्हणाला, आपल्या वेळी...
आणि बिस्किट तुटून आत पडलं.

आपल्या वेळी.
नोव्हेंबर त्र्याऐंशी, नीथच्या वरचं मैदान, धुकं,
ढिगाच्या तळाशी डेन्झिल पॅरीचं डोकं
आणि माझा बूट. ॲल्युमिनियमचे खिळे.
चुकून नाही.
डोळा पंचाने झाकला,
कान डेन्झिलचा गेला.
चौदा टाके. संध्याकाळी पहिला ग्लास त्यानेच पाजला मला,
डोक्याला फडकं गुंडाळून.

अजून भेटतो. टेकडीखाली रंगाचं दुकान आहे त्याचं.
मी नेहमी उजवीकडची जागा धरतो,
कारण डावीकडून हाक मारली
तर तो दिव्याकडे बघत राहतो, हसत,
जगात कुणीच बोलत नसल्यासारखा.
त्याचे आठवडे कुणी मोजले नाहीत.
मी एकदा मोजायला बसलो होतो, पाकिटाच्या पाठीवर,
बेचाळीस गुणिले बावन्न,
मग पाकीट लागलं म्हणून ते पोस्टात टाकलं.
माझी पाटी? कोरी. कागदोपत्री अगदी कोरी.

प्रॉसर, तुमचं मत?
तीन, मी म्हणालो.
आणि वर्गाची सूट?
द्या. शिकवणारं कुणी असेल तर शिकू दे त्याला.

बाहेर समुद्रपक्षी कचऱ्याच्या डब्यावर भांडत होते.
मातांगी गाडीपाशी टाय सोडून खिशात कोंबत होता.
थँक यू सर, म्हणाला,
माझ्या डाव्या बाजूने, अगदी हळू.
स्पष्ट ऐकू आलं.