मिठाशिवाय

आधी बाजारातले पाच प्रकार आणले, अर्धा अर्धा किलो,
आणि पाच पातेल्यांत वेगवेगळे उकडले.
मीठ नाही, तूप नाही, जिरं नाही.
दिवसभर समुद्राचं मीठ मोजणाऱ्या बाईनं
घरी आल्यावर तरी
जिभेला सुट्टी द्यावी.

इजिप्तचा: ओला पुठ्ठा.
इराणचा बरा, पण शेवटी गोड, उगाच गोड,
काम असल्यावर येणाऱ्या फोनसारखा.
लाल मातीसकट आलेला सायप्रसचा मात्र
सोलतानाच फुटला, पिठूळ, आणि गिळल्यावरही
थोडा वेळ तोंडात थांबला.
असाच हवा.

"खायचा बटाटा लावायचा नसतो," बियाण्याच्या दुकानातला मफीजुल म्हणाला.
त्याच्याकडे दोनच पोती. एक हॉलंडचं,
लांबट, टपोरं, सगळे नेतात ते.
दुसऱ्याची चिठ्ठी फाटलेली,
बी बारकं, पिवळट, डोळे खोल गेलेले.
"साठ दिवसांत येतं. पण कमी देतं."
"आणि चव?"
"कमी देतं, मॅडम."
मी तेच घेतलं.

अंड्यांच्या ट्रेमध्ये डोळे वर करून बसवले,
खिडकीशी, एसी बावीसवर.
तीन आठवड्यांनी जांभळे कोंब, आखूड, दणकट.
यशोधन दारातून म्हणाला,
पाहुण्यांची खोली कुणाला दिलीस?

नोव्हेंबर. बरकाची वाळू चाळून त्यात
घरमालक खल्फानच्या शेळ्यांचं खत, दोन घमेली.
दुपारच्या उन्हाला आडव्या खजुरीच्या झावळ्या.
ओळी दोनच.
एकीला नळाचं पाणी,
जे सकाळी प्लांटवर
मीच पास केलेलं असतं.
दुसरीला अंगणातल्या विहिरीचं.
मीटर घरी न्यायची परवानगी नाही. नेला.
चार हजार दोनशे.
आकडा बघून खल्फान हसला नाही. म्हणाला,
"माझ्या बापानं खणली तेव्हा
उंट वाटेतली विहीर सोडून
इथे येऊन थांबायचे."

डिसेंबरभर भर देत राहिले,
उघडं पडलेलं खोड झाकत,
रात्री नखांतली वाळू काढत.
नळाची ओळ कमरेला लागली.
विहिरीची गुडघ्याखालीच अडली,
पानांच्या कडा करपलेल्या,
इस्त्री विसरल्यासारख्या.
दोनदा वाटलं, तिलाही नळ द्यावा.
एकदा बादली भरलीसुद्धा.
ती शेवटी कढीपत्त्याला घातली.

जानेवारीच्या बावीस तारखेला खणलं.
हातानंच, कारण खुरपं बटाटा ओळखत नाही.
नळाचे साडेतीन किलो.
विहिरीचे मोजून तेवीस,
सगळ्यात मोठा अंड्याएवढा,
साल इतकी कोवळी
की अंगठा फिरवला आणि निघाली.

पुन्हा दोन पातेली. मीठ नाही.
खल्फानला सांगितलं नाही कुठलं कुठलं.
तो सावकाश चावत होता, दात थोडेच उरलेत,
मग एक वाटी स्वतःकडे ओढून घेतली
आणि दुसरी यशोधनकडे सरकवली.
कुठली ओढली, ते तुम्हाला कळलंच असेल.
मलाही तीच आवडली.

लॅबच्या वहीत हे मी लिहिणार नाही.
नमुना लहान, जीभ पक्षपाती,
आणि करपलेल्या पानांसाठी
दोन महिने अपराधी वाटलेलं
तेही चवीत उतरलं असणार.

सात ठेवलेत बियाण्याला.
डब्यावर पट्टी लावली, हाताला तीच सवय:
बरका, विहीर, बावीस जानेवारी.
उघडायची तारीख, ऑक्टोबर.
माझा करार ऑगस्टपर्यंत आहे.
म्हणून डबा खल्फानच्या फ्रिजमध्ये,
लबनच्या बाटल्यांच्या मागे,
आणि त्याला दोनदा बजावलंय:
हे खायचे नाहीत.