रिकामी फेरी

आबांनी वहीत पाच रकाने आखून दिले,
शिसपेन्सिलीनं, जरा तिरपेच:
तारीख, गाडी, कुठून कुठं, किलोमीटर, पैसे.
माझं काम फोन उचलायचं आणि लिहायचं.
उदगीर बसस्टँडच्या मागं, पंक्चरवाल्याच्या भिंतीला चिकटून
एक टेबल, एक पंखा, दोन गाड्या.
लातूर लिहिते, बिदर लिहिते, देगलूर.
दवाखाने, बारशी, सोयरीक जुळवायला निघालेली सात माणसं
पाचांच्या जागेत.

पण एखादा फोन असा येतो
की रकान्यात मावत नाही.

"ताई, माणूस नाही, नुसती कवळी आणायची हाय.
आमचे काका जळकोटला लेकीकडं इसरून आले.
सकाळी साखरपुडा, फोटो निघतेत."
मष्णाजीनं ती आणली स्टीलच्या डब्यात,
शेजारच्या सीटवर ठेवून, वरून पट्टा लावून.
मी लिहिलं: प्रवासी एक. तिकीट अर्धं.

दुसऱ्या एकानं पोत्यात मांजर दिलं.
लांब सोडा म्हणाला, परत वास काढत येऊ नये इतकं लांब.
तीनशे रुपये मोजले.
खाजापाशा भालकीच्या अलीकडनं माघारी फिरला,
पोतं तसंच मांडीवर.
"पुढं सगळा कानडी मुलूख, ताई.
तिथं ह्याला इचारनार कोन?"
पैसे परत द्यायला गेले तर तो माणूस
खाली बघत म्हणाला, असू द्या, दुधाला.
मांजर आता वहीवर झोपतं.
त्याला उठवल्याशिवाय तारीख टाकता येत नाही.

आणि मग तो पुण्याचा फोन, रात्री साडेदहाला.
"नळगीरला आई एकटी असते. दोन दिवस उचलत नाही.
नुसतं बघून या. भाडं आत्ताच टाकतो."
मष्णाजी अर्ध्या ताटावरून उठला.

दिवा होता. दार लगेच उघडलं.
कस्तुरबाई धडधाकट, कपाळाला ताजी इभूत,
फोन उतरंडीतल्या तिसऱ्या मडक्यात, डाळीखाली.
"मीच ठेवलाव.
वाजला की तो इचारतो, जेवलीस का.
एकटीसाठी चूल पेटवू वाटंना बाबा.
मग रोज रोज लबाड कितीदा बोलावं लेकराला?"

मष्णाजीला बोलता येत नाही फारसं.
गाडी पुसताना तो गाडीशीसुद्धा बोलत नाही.
उंबऱ्यावर बसला आणि म्हणाला,
"मीबी अर्धंच जेवलोय."

तव्यावर भाकरी पडली,
ठेचा, वरून करडईचं तेल.
अकरा वाजता त्यानं पुण्याला फोन लावला:
"जेवल्या. माझ्यासमोर."
भाडं घेतलं नाही. का, ते सांगितलं नाही.

तेव्हापासून दर बुधवारी
लातूरहून येताना त्याची वाट वाकडी होते.
घरापुढं दोनदा हॉर्न.
मी किलोमीटर लिहिते
आणि पैशाच्या जागी लिहिते: रिकामी.

महिनाअखेर. आबा वही घेऊन बसले,
चष्मा कपाळावर, बोट ओळीवर.
"डिझेल काय आडातनं उपसलालाव का आपण?
रिकाम्या फेऱ्या लई झाल्यात."
मी मांजराच्या कानामागं खाजवत राहिले.
बोट खाली सरकलं, नळगीर, नळगीर, नळगीर,
आणि थांबलं.
खूप वेळ तिथंच.
आई गेल्यापासून आबा दुपारचा डबा
गाडीत बसून खातात, काचा वर करून.
आम्हाला माहीत नाही असं त्यांना वाटतं.

"ह्या बुधवारी मष्णाजीला बिदरला धाड," ते म्हणाले.
"टवेरा मी नेतो."
कुठं म्हणून लिहू?
"लिही की. लिहितीस तसंच."

बुधवारी त्यांनी चार खणांचा डबा मागितला,
नेहमी दोन खणांचा नेतात.
टवेराचा सेल्फ दोनदा खेकसला, तिसऱ्यांदा लागला.
वळणावर उगाच हॉर्न वाजवून पाहिला,
वाजतो का ते.