सेशन एकसष्ट

रात्री पावणेदोनला गफूरभाईंचा फोन, भुईकाट्यावरून.
"मॅडम, काटा बोलंना झालाय."
काटा बोलतोय, मी म्हणाले, ऐकणारा गप्प असेल.
"ते काय बी असू द्या. भंगाराच्या बावीस गाड्या
पार एमआयडीसीच्या चौकापर्यंत लागल्यात,
ड्रायव्हर लोक शिव्या द्यायलेत."

जालन्याला सोन्याचा पाळणा म्हणतात.
त्या रात्री पाळणा हलत नव्हता.
पडदा दुधासारखा पांढरा,
वर एकच ओळ: उत्तर देत नाही.
"तीनदा बंद-चालू केलं. एकदा तर वायरच उपटली."
चौथ्यांदा नका, म्हणाले.

या कारखान्यात दोन प्रोग्राम आहेत.
एक वजन घेतो, दुसरा गेटपास देतो.
दोघांचं एकमेकांशी बोलणं नाही,
बांधावरून फाटलेल्या भावांगत:
एक ओसरीवर चिठ्ठी ठेवून जातो,
दुसरा येतो, उचलतो, वाचतो, कामाला लागतो.
ओसरी म्हणजे डेटाबेसमधलं एक टेबल.
पाच वर्षं हा अबोला सुरळीत चाललाय.

आज ओसरीवर एकशे चाळीस चिठ्ठ्या.
पहिलीच उचलली जाईना, म्हणून बाकीच्या तशाच.
नळाला हंडा लावून
पहिली बाई कुठंतरी निघून गेली, तसं.

सर्व्हरला विचारलं, कोण कुणासाठी थांबलंय?
तो खोटं बोलत नाही, फक्त विचारावं लागतं.
त्र्याण्णव थांबलाय अठ्ठ्याऐंशीसाठी,
अठ्ठ्याऐंशी बहात्तरसाठी,
बहात्तर एकसष्टसाठी.
एकसष्ट कुणासाठीच थांबलेला नाही.
स्थिती: झोपेत.
हातात: कुलूप.
एक तास बारा मिनिटं.

त्याला एका शब्दात मारता येतं.
आज्ञेचं नावच तसं आहे.
टाइप केला, बोट एंटरवर नेलं,
आणि वाटलं, मारायच्या आधी नाव तर विचारावं.
मशीन: हिशेब-तीन.

हिशेब-तीनच्या खुर्चीवर स्वेटर,
स्वेटरखाली चार्जिंगला लावलेला फोन,
माझ्याच कॉलनं थरथरणारा.
पडद्यावर एका ट्रकची ओळ उघडी,
रिकाम्या गाडीचं वजन खोडलेलं, नवं लिहिलेलं नाही,
मधोमध खिडकी: बदल जतन करायचे? हो. नाही.
टाकळकर कुठायत?
"आत्ता तर हितंच होते," वॉचमन म्हणाला.
त्याचं आत्ता एक तास बारा मिनिटांचं.

सापडले ते यार्डात, ट्रकखाली उताणे,
बॅटरी दातात,
हातात एक रिकामी साखळी.
"आत येताना हिला स्टेपनी होती, मॅडम.
खाली झाल्यावर तोलली तर गायब.
म्हंजे नव्वद किलो भंगार वाढलं की फुकटचं!
सापडंपर्यंत आकडा कसा लिहू?
म्हणून ओळ उघडीच ठेवली."
ड्रायव्हर दुसरीकडं बघत विडी ओढत होता.

तुमच्या त्या ओळीमुळं बावीस गाड्या थांबल्यात, मी म्हणाले.
त्यांनी पहिल्यांदाच गेटाकडं पाहिलं,
दिव्यांमागं दिवे, दिव्यांमागं दिवे.
"एका ओळीनं?"
एका ओळीनं.

स्टेपनी पत्र्यांच्या ढिगामागं निघाली, पोत्याखाली.
गाडी पुन्हा काट्यावर घेतली, आकडा वहीत टिपला.
टाकळकरांनी चष्मा शर्टाला पुसला,
वहीतला आकडा दोनदा वाचून एकदा लिहिला
आणि हो दाबलं.

चिठ्ठ्या अशा गेल्या की मोजता आल्या नाहीत.
पांढऱ्या पडद्याला रंग चढला,
गेटपासचा प्रिंटर खाकरला,
चौकात कुणीतरी गिअर टाकला.

सकाळी रिपोर्टमध्ये 'कारण' नावाचा रकाना.
लिहिलं: कर्मचारी जागेवर नव्हता.
खोडलं.
लिहिलं: स्टेपनी जागेवर नव्हती.
मग चहाला उठले,
पण त्याआधी हो दाबून.