आईचं आधीचं नाव

रुवीत उतरून तीन दिवस झाले
आणि लॅबमधले सगळे मला बँका सुचवू लागले,
गावाकडं स्थळं सुचवतात तशा.
शफीका म्हणाली, हिरव्या पाटीचीच घे,
आपल्या बिल्डिंगखाली मशीन आहे.
फिगेरेदो म्हणाला, घरी पैसे धाडायचे तर निळी,
कमिशन कमी कापते.
रात्रपाळीचा ड्रायव्हर गुल रहमान म्हणाला,
जिथं बसायला खुर्च्या जास्त ती बँक चांगली.

मी विचारलं, यातली न बुडणारी कुठली?
सगळे हसले.
त्यांना आमच्या पेठेतली पतसंस्था ठाऊक नव्हती.
तिचा पिग्मीवाला रोज दिवेलागणीला
सायकल भिंतीला टेकवून यायचा,
आईकडून पाच रुपये घ्यायचा,
पुस्तकात सही करायचा, तांब्याभर पाणी प्यायचा.
एका सोमवारी शटरला सील.
पुढं कित्येक वर्षं आई त्या पुस्तकावर
गरम पातेलं उतरवून ठेवायची.

शेवटी गुल रहमानचंच ऐकलं.
खुर्च्या खरंच खूप होत्या.
टोकन एकशे चौऱ्याहत्तर,
मांडीवर पगाराचं पत्र, पासपोर्ट, रहिवासी कार्ड,
आणि प्रत्येकाची एकेक प्रत, लागलीच तर दुसरी.

काचेपलीकडं राया.
बोटांवर उतरत चाललेली मेंदी,
हिंदी माझ्याइतकीच मोडकी.
हेमलता बाळगोंडा मगदूम चौकटींत मावेना,
शेवटचा म बाहेर लोंबत राहिला.
कार्डावर वडलांना छोटं करू, ती म्हणाली,
आणि बाबा एका अक्षराचे झाले.
किमान शिल्लक शंभर रियाल,
खाली गेली की दरमहा दंड.
मी मान हलवत होते.

मग तिनं विचारलं,
आईचं लग्नाआधीचं नाव? पूर्ण.

चौगुले, मी म्हटलं. मामांचं आडनाव ते.
आणि त्याच्या आधी?

त्याच्या आधी मला काहीच येत नव्हतं.
आमच्यात ताटात तांदूळ पसरतात,
नवरा अंगठीनं त्यावर नवं नाव लिहितो,
लोक पेढे खातात,
ताट हलतं.
बत्तीस वर्षं मी सुनंदाची मुलगी होते
आणि सुनंदा तेव्हाच सुरू झाली असं धरून चालले होते.

तिथंच उभ्याउभ्या फोन लावला.
कशाला पायजे त्यास्नी? आई म्हणाली.
खातं उघडायला.
कुणाचं, माझं?
नाही गं, माझं.
मागं कुकरची शिट्टी झाली, तिनं मोजली नाही.
हौसा, म्हणाली.
मग पुन्हा, जरा मोठ्यानं,
परड्यात खेळणाऱ्या कुणाला जेवायला बोलवावं तसं:
हौसा.

रायानं ते उजवीकडून डावीकडं लिहिलं.
आमच्यात बायका नाव बदलत नाहीत, ती म्हणाली,
माझी आई जन्मापासून तीच आहे.
हा प्रश्न फॉर्मबरोबर बाहेरून आलाय कुठून तरी.
मग यात गुपित कसलं?
तिनं खांदे उडवले. शिक्का मारला.
आमच्यात नाही. तुमच्यात चालेल.

आता कार्ड अडकलं, पिन विसरले,
की फोनवरचा माणूस विचारतो
आणि मी बसथांब्यावर, भर दुपारी,
कुणाच्या तरी एसीचं पाणी खांद्यावर झेलत
ते नाव सांगते.
बरोबर, तो म्हणतो.
आमच्या घरात इतक्या खात्रीनं
तिला कुणी बरोबर म्हटलेलं मला आठवत नाही.

पहिल्या पगारानंतर शिल्लक आईला पाठवली,
१००.०००.
एक लाख? तिनं विचारलं.
टिंब बघ आई. टिंबापुढचं सगळं शून्यच.
टिंब असू दे, ती म्हणाली.
नाव इचारलं का त्यांनी परत?