शेऱ्याचा रकाना

वहीत चार रकाने आखलेत:
ओवी, अक्षरे, यमक, शेरा.
देवगडच्या जेटीवर, लिलावाच्या पत्र्याखाली,
उलट्या क्रेटवर बसून मोजते आहे.
खोलीवर वीज नाही. इथे वारा आहे,
म्हणून झेरॉक्सच्या पानांवर
दोन किलोचे माप ठेवलेय, मागून घेतलेले.

आख्यान एका न परतलेल्या तारवाचे.
नकलाकार घाटावरचा, नरहर नावाचा;
शेवटी लिहितो, जसे पाहिले तसे उतरले.
तीन चरण आठ-नऊ अक्षरांचे, एकमेकांना धरून.
चौथा आखूड, कोणाशीच न जुळणारा,
समोरच्या धक्क्याच्या शेवटच्या पायरीसारखा,
भरतीला जी असते आणि दिसत नाही.

‘अजून नाही’ एक्केचाळीस वेळा.
पहिल्या दिवशी शेऱ्यात लिहिले: पाल्हाळ.
खोडून लिहिले: ध्रुवपद.
तेही पटेना. ध्रुवपद फिरून येते,
हे तर जागचे हललेलेच नाही.

अडले सत्तेचाळिसाव्या ओवीशी.

    दर्यावरून येती हाका
    शिडाचा सुटला टाका
    कोण सांगेल ते मला
    अजून नाही

हाका, टाका, आणि मला.
अक्षरे बरोबर, यमक नाही.
शेरा: सदोष.
कवीला डुलकी लागली असेल, असेही मनात आले.

द्वारका कुबल बांगडे निवडत होती,
लहान इकडे, मोठे तिकडे, फुटलेले खाली.
म्हणाली, ‘वाच बघया मोठ्यान.’
वाचले. तिने मान वर न करता मागोमाग म्हटले,
सुटे पैसे न मोजता पिशवीत टाकावेत तसे:
‘कोण सांगात ता माका,
अजून नाय.’

माका.
टाका बसला.
अक्षरे दोन्हीकडे दोनच;
माझ्या मोजणीला कधी सापडले नसते.
नरहरने समुद्र शुद्ध करून लिहिला होता.

मी उठून सांगू लागले, यमक, मूळ पाठ, नक्कल.
तिचे लक्ष बर्फाच्या गाडीकडे.
‘बर्फ इलो?’
पत्र्याच्या टोकाकडून कोणीतरी: ‘अजून नाय.’
दहा मिनिटांनी तेच, जरा चढे.
मग थट्टेने.
मग कोणी न विचारताच, बांगड्यांकडे बघत,
तिचे तिनेच म्हटले, ‘अजून नाय.’
मी समासात बाण काढत गेले,
वर, खाली, आडवा. रकाना पुरेना.

गाडी साडेअकराला आली.
तारू येत नाही. शेवटची ओवी तीनच चरणांची,
चौथ्याच्या जागी नरहरने बोटभर कोरे सोडलेय.
विसरला, की एवढे एक त्याला ऐकू आले होते,
मला ठरवता येत नाही.

छापताना ‘मला’च छापावे लागेल, हातात तेच आहे.
तळटीप तेवढी लिहून ठेवली:
पाठभेद ‘माका’. आधार: द्वारका कुबल,
देवगड जेटी, तोंडी.
सर विचारतील, पान? साल?

ती येऊन आपले माप उचलते,
आणि पानांना वारा लागतो.