सीटखालचा स्विच

आधी चालत जा, तौसीफ.
किल्ली खिशात राहू दे.
काल लॉनवर रिसेप्शन होतं, म्हणजे
मांडवाचे खिळे, बाटल्यांची बुचं,
कुणाच्या तरी पैंजणाचं घुंगरू,
आणि भिंतीकडेला संक्रांतीचा मांजा.
तो गवतात दिसत नाही,
पात्याच्या दांड्याला गुंडाळला की मग दिसतो.
वाकून उचल. लाज कसली?
मेंबर लोक हरवलेला बॉल शोधतात, तेव्हा बघ कसे वाकतात.

आता ये.
तेल बघायचं ते इंजिन गार असताना.
काडी काढ, पूस, परत घाल, परत काढ.
पहिल्या खेपेला ती खोटं बोलते.
पेट्रोलही गार असताना, कॅन जमिनीवर ठेवून.
विडी गेटबाहेर. माझीसुद्धा.

टाकीच्या बाजूला उतार आहे ना,
तिथे आडवं जायचं नाही.
सरळ वर, नाहीतर सरळ खाली.
लाटेला कूस दाखवली की होडी उलटते,
हे आम्हा ट्रॉम्ब्याच्या पोरांना कुणी शिकवत नाही,
कळलेलंच असतं.
गवत ओलं असेल तर जायचंच नाही.
सेक्रेटरी ओरडले तर ओरडू देत.
मागे घेताना पाती बंद, आणि मान अख्खी वळव,
नुसता डोळा नको.
माळ्याची पोरं आवाजाला भुलून धावत येतात.
त्यांतल्या एकाला मी मांडीवर बसवून फेरी मारली होती.
आता आठवलं की पोटात कालवतं.

उतर. सीट उचल.
हा काळा स्विच, एवढासा.
तू उठलास की हा सगळं बंद करतो.
कंटाळा येतो. दगड दिसला, उतरलो, बंद.
पुन्हा बस, पुन्हा चालू कर, पुढे पुन्हा दगड.
मलाही यायचा.
म्हणून एका मार्चमध्ये मी इथे तार पिळली,
मोगऱ्याला बांधायची हिरवी तार, बोटभर.
यंत्राला वाटायला लागलं, मी कायम बसलेलोच आहे.
सेक्रेटरी म्हणाले, वैती, हल्ली काम भराभर होतं.

घरत तेव्हा तुझ्या जागी होता.
गवताचा बोळा अडकला.
मी उतरलो, पाणी प्यायला.
इंजिन घुरघुरत होतं.
त्याला वाटलं, मी उतरलो म्हणजे पाती तरी थांबली.
उजव्या हाताची तीन बोटं.
रिपोर्टात लिहिलं : निष्काळजीपणा.
कुणाचा, ते लिहिलं नाही.

तो आता उरणला गॅरेजात हिशेब ठेवतो,
डाव्या हाताने. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं.
दिवाळीला फोन करतो.
तारेचं मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

ती बघ, शेडच्या दारामागे, खिळ्याला.
काढू नकोस.

तर, अडकलं की :
पाती बंद, ब्रेक, किल्ली बाहेर,
प्लगची टोपी काढून बाजूला,
मग काठी. हात नाही, काठी.
ही बाभळीची मी घरतसाठी केली. नंतर केली.
आणि किल्ली काढली तरी पाती लगेच थांबत नाहीत,
त्यांचं त्यांचं काहीतरी उरलेलं असतं.
दहापर्यंत मोज.
मी वीसपर्यंत मोजतो.
वरून मोनोरेल जाते, खिडकीतली माणसं खाली बघतात,
त्यांना वाटत असेल, हिरवळीवर एक म्हातारा
काही काम नसल्यासारखा उभा आहे.

चल, बस. पायाजवळ काही नाही ना, बघ.
चालू कर. पाती लाव.
आता जागेवरच, मी न सांगता,
सीटवरून जरा उठ.

बंद पडलं?

हां. रोज सकाळी आधी एवढं करायचं.
मग गवत.